खिडकीजवळचं मरण

ताईनं मान डावीकडे कलती केली आणि मला मळमळलं. सर्जन तिच्यासमोर बसला होता. चांगला माणूस, घाई न करणारा. कागदावर त्यानं आतड्याचं चित्र काढलं होतं आणि पेनाच्या टोकानं समजावून सांगितलं होतं की गाठ इथे आहे, अगदी खाली, त्यामुळे शेवटचा तुकडा काढावा लागेल आणि पोटावर डाव्या बाजूला एक वाट करून तिथे पिशवी लावावी लागेल. कायमची. पण पसरलेलं काही नाही, ऑपरेशन वेळेवर झालं तर तुम्ही जगाल, आणि चांगल्या जगाल, असं तो दोनदा म्हणाला. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग मान कलती केली, पापण्या अर्ध्या मिटल्या, ओठांच्या एकाच कोपऱ्यातून हसली आणि म्हणाली, "डॉक्टर, मला माझ्या खिडकीपाशी जाऊ द्या." हे वाक्य माझं होतं. म्हणजे लिहिलेलं दुसऱ्या कुणीतरी, पण महिनाभर सगळ्यांच्या तोंडी होतं ते माझं म्हणून. मान माझी, पापण्या माझ्या, ते अर्धवट हसूसुद्धा माझंच. आपली ओकारी दुसऱ्याच्या रुमालात दिसावी तसं मला झालं. आणि सर्जन! त्यानं पेन खाली ठेवलं, ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्याचा चेहरा उजळला. "अहो, म्हणजे त्या तुम्हीच का? मघापासून मला वाटतंय कुठेतरी बघितलंय. आमच्या घरी सगळे रडले हो त्या भागाला. मी स्वतः रडलो." असं म्हणून तो हसला, लाजला, आणि क्षणभर त्या खोलीत डॉक्टर कुणीच नव्हता, नुसते दोन प्रेक्षक होते आणि मी होते. तिघांच्याही एकेक ठेवून द्यावीशी वाटली मला, माझ्यापासून सुरुवात करून.

'तो भाग' म्हणजे कुठला हे आता सांगावं लागत नाही. डॉक्टरांवरची ती मालिका बरीच वर्षं चालू होती, येणारेजाणारे पेशंट, त्यांची दुखणी, डॉक्टरांची आपापसातली प्रेमं, आणि कुणी फार लक्ष देऊन बघत होतं अशातला भाग नाही. मग तो एक भाग आला. एक बाई, पोटाचा कॅन्सर, ऑपरेशनला नकार देते, घरी जाते, खिडकीजवळच्या पलंगावर पडून राहते, मालिकेतला तरुण डॉक्टर तिला भेटायला येतो आणि तिच्या शेजारी बसून राहतो, आणि ती मरते. बस्स. पण लोक वेडे झाले. वर्तमानपत्रांत लिहून आलं, बक्षिसं मिळाली, कुठल्याशा महाविद्यालयात म्हणे तो मुलांना दाखवला. ती बाई मी. त्याआधी इतकी वर्षं मी शेजारीण होते, नायकाची मावशी होते, चहा ठेवून जाणारी होते. याच मालिकेत एकदा चौकशीच्या खिडकीमागे बसून "पुढच्या काउंटरला विचारा" एवढंच म्हणाले होते, ते कुणाच्या लक्षातही नाही. आणि आता औषधाच्या दुकानात बायका माझा हात हातात घेतात. एकीनं भाजी घेताना माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके दिले आणि तिच्या नाकाचं पाणी माझ्या कुर्त्याला लागलं. घरी येऊन मी ते ओल्या फडक्यानं पुसलं, पण पुसताना हसत होते. आवडत होतं मला, खोटं कशाला बोलू? हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं सगळ्यांनी आणि मीही ऐटीत फांदी धरून बसले होते.

ती कलती मान. एका समीक्षकानं लिहिलं की त्या मानेत मृत्यूचा संपूर्ण स्वीकार आहे. स्वीकार कसला डोंबलाचा! त्या भूमिकेसाठी मला विरळ केसांचा टोप घातला होता आणि तो चिकटवायच्या गोंदानं कानामागे पुरळ आलं होतं. भयंकर खाजत होतं. हात वर नेता येत नव्हता, कॅमेरा चालू. म्हणून मान कलती करून उशीच्या अभ्र्यावर कान घासायला गेले, तर दिग्दर्शक कुजबुजला, "ठेव. ठेव तसंच. सुंदर." मी ठेवलं. पापण्या अर्ध्या मिटल्या त्या खाज सहन होईना म्हणून, आणि हसले ते माझं मलाच हसू आलं म्हणून. एवढ्याच गोष्टीवर लोकांनी अश्रू गाळले, आणि आता माझी सख्खी बहीण त्या पुरळावर जीव द्यायला निघाली होती. परतताना रिक्षात मी तिला हे सगळं सांगितलं. ताई बाहेर बघत म्हणाली, "मग काय झालं? दिसलं तर छान ना."

ताईचं आणि घाणीचं जुनं वैर. लहानपणी तिचा टॉवेल वेगळा, पेला वेगळा, आणि चुकून मी तिच्या पेल्यानं पाणी प्यायले तर पेला उकळत्या पाण्यात. "ए नाटके, हात धुतलेस का?" हे मी जन्मात सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य असेल. नाटकी हे नाव तिनंच पाडलेलं, कारण मला हवं तेव्हा रडता यायचं. आईबाबा दिवसभर कामावर, तेव्हा मला न्हाऊमाखू घालणं, नाक पुसणं, बाकीचंही सगळं पुसणं तिच्याकडे. पण तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. चेहरा असा गोड ठेवायची की जणू फुलं वेचतेय. पुढे आई अंथरुणाला खिळली तेव्हाही तसंच. मी नाटकाच्या दौऱ्यांवरून अधूनमधून यायचे तेव्हा बघायचे, ताई बेडपॅन घेऊन खोलीबाहेर येतेय आणि ओठांवर तेच हसू. बेडपॅन संडासात रिकामं करून मग ती मोरीत अर्धा अर्धा तास हात घासत बसायची, कातडी सोलवटेपर्यंत. भावजी गंमतीनं म्हणायचे, हिला स्वर्गात पाठवलं तर हिचा पहिला प्रश्न फरशी पुसायचं फडकं कुठंय हाच असेल. आता भावजी नाहीत आणि भाचा तिकडे लांब, विमानानं जावं लागतं अशा शहरात. अशा बाईला सांगायचं की यापुढे तुझं सगळं तुझ्या पोटावरून, उघड्यावर, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. तिनं नाही म्हटलं यात मला नवल वाटायला नको होतं. पण तिनं भीतीनं नाही म्हटलं असतं, रडून, ओरडून, तर मी समजावलं असतं. तिनं नाही म्हटलं ते माझ्या तोंडानं. तिथे मी काय समजावणार?

भाच्याला फोन केला. सगळं ऐकून तो घसा साफ करून म्हणाला, "मावशी, शेवटी आईचं शरीर आहे. तिच्या निर्णयाचा मान ठेवायला हवा आपण." मी म्हटलं, "अरे, ती बरी होणार आहे. मरायला टेकलेली नाही ती, बरी होणार आहे, कळतंय का तुला?" तो म्हणाला, "हो, पण आयुष्याची गुणवत्तासुद्धा बघावी लागते. खरं सांगू, तुझा तो भाग बघितला तेव्हा मला हे सगळं पहिल्यांदा पटलं. मी तर तिला लगेच लिंक पाठवली होती." म्हणजे लिंक यानं पाठवली. बसलाय तिकडे उंटावर आणि इकडच्या शेळ्या हाकतोय, आणि वर माझाच दाखला! मी फोन ठेवला आणि तोंडात साबणाची चव आली. हल्ली ती वारंवार येते. कुणी त्या भागाचं कौतुक करायला लागलं की जिभेच्या मुळाशी काहीतरी बुळबुळीत जमतं आणि मी ते गिळत राहते.

पुढच्या खेपेला मी तिच्याकडे गेले तेव्हा दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबले. तिनं पलंग हलवला होता. एकटीनं ओढत नेला असणार, फरशीवर ओरखडे होते आणि तिनं ते पुसून पुसून फिकट करायचा प्रयत्न केलेला दिसत होता. पलंग खिडकीला लावलेला. त्यावर कोरी पांढरी चादर, सुरकुती नाही. उशाशी छोटं टेबल, त्यावर काचेचा पेला, निळी फुलदाणी, फुलदाणीत एकच फांदी. सेट लावला होता बाईनं. हुबेहूब. फक्त खिडकी खरी होती, त्यामुळे सगळं बिघडलं होतं. आमच्या सेटवरच्या खिडकीला बाहेर नव्हतंच. प्लायवूडवर रंगवलेलं आभाळ, मागून दिवा, आणि एक पोऱ्या पंख्यासमोर झाडाची फांदी धरून बसलेला. ताईच्या खिडकीतून बेकरीची मागची भिंत दिसते आणि त्या भिंतीतला एक्झॉस्ट पंखा, जळक्या पिठाची गरम हवा सोडणारा. त्याच्या जाळीवर वर्षानुवर्षांचं तुपकट काळं साचलंय आणि खाली कबुतरांनी घाण करून ठेवलीय. तिनं काचा धुतल्या होत्या, त्यामुळे ते सगळं आणखी स्वच्छ दिसत होतं. "कसं वाटतंय?" ताईनं विचारलं. नवीन पडदे लावल्यावर विचारावं तसं. मला तिच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. ती फुलदाणी उचलून भिंतीवर मारावीशी वाटली. "चहा आहे का?" मी विचारलं.

चहा पिताना ती म्हणाली, "तो शेवटचा श्वास तू कसा घेतलास गं? तो लांबला आणि मग नुसता संपला. मी करून बघितला, मला खोकलाच येतो." मी म्हटलं, "ताई, काय चाललंय तुझं?" ती म्हणाली, "सांग ना. एवढं काय? तुझीच कला." आणि ती जाऊन पलंगावर आडवी झाली, गाऊन नीट केला, हात चादरीवर ठेवले आणि श्वास घ्यायला लागली. मी बघत होते. आणि जे झालं त्याची मला अजून शिसारी येते. ती श्वास घेत होती आणि तिचे खांदे वर जात होते, आणि मी म्हणाले, "खांदे उचलू नकोस. पोटातून घे. आणि सोडताना तोंड थोडं उघडं, जबडा सैल." तिनं तसं केलं. "आता मध्ये थांब," मी म्हटलं, "घाई करू नकोस, थांब, लोकांना वाटू दे संपलं." आणि माझ्या ताईनं जबडा सैल सोडला, डोळे छताला लावले, आणि ती संपली. छान संपली. माझ्या तोंडून "वा" निघालं. वा! मी माझ्या बहिणीला मरायला शिकवत होते आणि वर दाद देत होते. मी मोरीत गेले, नळ मोठा सोडला आणि चहा ओकले. बाहेरून ताई म्हणाली, "पाणी टाक नीट."

त्या दिवसापासून मला माझा चेहरा बघवेना. दात घासताना आरशात बघणं टाळायचे. तो भाग करताना किती मऊमऊ मेले होते मी! त्या सबंध मरणात एकदाही कुणाला लघवीला लागली नाही. खोलीत भांडं नव्हतं. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, उलटीसाठी काहीतरी उशाशी नको का, पोटाचा कॅन्सर ना? दिग्दर्शक म्हणाला, "फ्रेम घाण होईल." प्रत्येक शॉटनंतर एक मुलगी येऊन माझ्या अंगावरच चादरीला इस्त्री फिरवायची, वाफेची, आणि मी मेलेली पडून "भाजेल हं" म्हणायचे. गालाला फिका गुलाबी लावला होता, कारण पूर्ण पिवळा चेहरा प्रेक्षकांना बघवत नाही. दुपारी सुटी झाली की मी उठून सगळ्यांबरोबर पाव-सूप खायचे आणि पुन्हा येऊन मरायचे. आणि यातलं काहीच मला त्या वेळी खटकलं नाही, उलट वाटलं की केवढं मोठं काम चाललंय आपलं. पण मनाच्या अगदी तळाशी याहून घाण एक गोष्ट होती, ती मी स्वतःलासुद्धा एकदम सांगितली नाही, हळूहळू कळू दिली. सर्जननं पिशवी म्हटलं तेव्हा मला आधी काय सुचलं? ताई जगेल, हे नाही. ती पिशवी बदलणार कोण, हे. भाचा नाही, भावजी नाहीत, म्हणजे मी. मी, जी रस्त्यात कुणी थुंकलं तरी नाक धरून पलीकडच्या बाजूला जाते. आणि ताईनं मान कलती करून नाही म्हटलं तेव्हा, त्या मळमळीच्या खाली, अगदी पातळ अशी सुटकेची एक लहर येऊन गेली होती. आली होती, नाही कसं म्हणू? बाकी सगळ्यांचा राग राग करत होते मी, सर्जनचा, भाच्याचा, दिग्दर्शकाचा. पण त्या लहरीची जी किळस येत होती तिला तोड नव्हती.

तरी मी जात राहिले. भांडत राहिले. ताई ऐकून घ्यायची आणि फुलदाणीतलं पाणी बदलायची. सर्जननं स्वतः फोन करून सांगितलं की आता उशीर करू नका, आतड्यातली ती जागा अरुंद होत चाललीय, एके दिवशी अचानक बंद होईल. ताई जेवेनाशी झाली. म्हणायची, भूक नाही. गाऊनखाली पोट फुगलेलं दिसायचं आणि ती त्यावर उशी धरून बसायची. शौचाला झालं का विचारलं तर "शी, काय विषय काढतेस" म्हणायची. खोलीला वास मारायला लागला होता, तिनं जागोजागी लिंबाचा स्प्रे मारला होता, आणि लिंबाच्या वासाखालून तो दुसरा वास यायचा.

मग एका दुपारी मी गेले तेव्हा ती पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली, घामानं निथळत. पोट दगडासारखं. मला बघून तिनं पाय सरळ करायचा प्रयत्न केला, हात चादरीवर ठेवले, आणि मान, बाई गं, मान डावीकडे कलती करायला लागली. चेहरा वेदनेनं वेडावाकडा होत होता आणि ती तो दाबून दाबून खाली बसवत होती आणि ओठांचा एक कोपरा वर ओढत होती. "बंद कर!" मी किंचाळले. "बंद कर ते! खोटं आहे ते सगळं! गोंद खाजत होता मला, सांगितलं ना तुला!" आणि तेवढ्यात ती ओकली. हिरवट-तपकिरी, आणि वास शेणाचा. तोंडातून तो वास. पांढऱ्या चादरीवर, माझ्या हातावर, बाहीत, फुलदाणीवर. मी मागे झाले. खरंच मागे झाले, एक पाऊल, हात अंगापासून लांब धरून. ताईनं ते बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, हनुवटीवरून ओघळ, आणि हळू म्हणाली, "मला माहितीय खोटं आहे. मी काय खुळी आहे? खोटं आहे म्हणूनच पाहिजे मला. खऱ्याची मला किळस येते गं."

मी फोन काढून ॲम्ब्युलन्स बोलावली. बोलावताना हात घसरत होते. ती म्हणाली, "त्यांना परत पाठव. मी नाही म्हटलं तर कुणी कापू शकत नाही." मी म्हटलं, "ताई, हे असं जाणं आहे. हे बघ. असंच जाशील, हेच तोंडातून येत राहील." "येऊ दे." "मी करीन तुझं सगळं. पिशवी मी बदलीन." त्यावर ती हसली, माझं नव्हे, स्वतःचं हसू, कडवट. "तू? तू करशील, माहितीय मला. कसं करशील तेही माहितीय. गोड चेहरा करून करशील. मी आईचं तसंच केलं. आईला कळायचं. एकदा मला म्हणाली, अशी हसू नकोस गं, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आणि भिंतीकडे तोंड केलं तिनं, ते शेवटपर्यंत. मी तरी हसतच राहिले, थांबता येईना मला. आता तू उभी राहशील तशी, आणि तू तर माझ्याहून बरी नटी. मला ते नाही बघायचं. त्यापेक्षा मेलेलं बरं." तिला पुन्हा उबळ आली. या वेळी मी तिचं कपाळ धरलं. गरम गरम माझ्या मनगटावरून गेलं आणि माझ्या घशातून मोठा आवाज आला, ओकारीचा, दाबता येईना.

"मला नाही जमणार गोड चेहरा," मी म्हटलं. "ऐकतेस ना? उलटी येतेय मला आत्ता. वास सहन होत नाहीये. मला तुझी किळस येतेय, ताई." हे मी म्हणाले. म्हणून टाकलं. "तोंड वाकडं करीन. नाक दाबीन. शिव्या घालीन तुला. उलट्या करत करीन, पण करीन." ती धापा टाकत होती. बेकरीचा पंखा घरघरत होता. ती माझ्या चेहऱ्याकडे नीट बघायला लागली, लहानपणी हात पुढे करायला लावून नखांतला मळ बघायची तसं. मी काही लपवलं नाही. नाक चुरगळलेलं असेल, ओठ फाकलेले असतील, काय असेल ते असेल. "एकदा जरी हसलीस तसं," ती म्हणाली. "नाही हसणार." "शप्पथ?" "तुझी शप्पथ." "माझी नको, मी मरायला टेकलेय. तुझी घे." मी माझी घेतली. जिन्यात पावलं वाजली तेव्हा ती म्हणाली, "ही चादर काढ आधी. लोक काय म्हणतील."

ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाला, वेळेत आणलंत, गाठ निघाली, आता त्या वाचल्या. माझे हात त्यानं हातात घेतले आणि मला वाटलं आता पुन्हा त्या भागाचं काढतोय की काय, पण नाही काढलं. बहुतेक माझ्या बाहीचा वास आला असावा. नंतरचे दिवस नळ्या, बाटल्या, फिनेलचा वास. दिग्दर्शकाचा मेसेज आला, कुठलंसं आणखी एक पारितोषिक होतं, स्वीकारायला येशील ना म्हणून. मी न वाचल्यासारखं केलं. सुरुवातीला पिशवी नर्सच बदलत होती आणि ताई त्या वेळी छताकडे बघायची. मग एका सकाळी नर्स ट्रे घेऊन आली आणि मला म्हणाली, "आज तुम्ही करायचं, बाई. घरी मी येणार नाहीये." धिप्पाड बाई, घोगरा आवाज, माझा चेहरा तिनं कधी टीव्हीवर बघितला नसावा किंवा बघितला असला तरी तिला पर्वा नव्हती. मला तिचा फार आधार वाटला.

मी हातमोजे घातले. ताईचा गाऊन वर केला. ताई छताकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. पोटाकडे एकदाही नाही, नुसती माझ्या चेहऱ्याकडे, डोळे न हलवता. नर्स सांगत होती तसं मी वरून खाली पिशवी सोडवायला लागले, कातडी एका हातानं दाबून धरत. चिकटपट्टी सुटली, पिशवी उघडली, आणि वास आला. खाली आतड्याचं ते तोंड, लालभडक, ओलं, ओठाच्या आतल्या बाजूसारखं, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते हललं आणि त्यातून थोडं बाहेर आलं. त्या क्षणी माझ्या गालांना काहीतरी झालं. मऊ होऊन वर ओढले जायला लागले ते आपोआप, भुवया हलक्या झाल्या, ओठांचा कोपरा उचलायला लागला. इतक्या वर्षांची सवय, समोर कुणी बघतंय म्हटल्यावर तो चेहरा स्वतःहून वर येत होता, तो पारितोषिकाचा, सगळ्यांना रडवणारा. ताईचे डोळे बारीक झाले. मी दात आवळले आणि तो चेहरा सोडून दिला. जाऊ दिला. नाक चुरगळलं, जीभ बाहेर आली, डोळ्यांत पाणी आलं आणि घशातून तो आवाज निघाला, गुरासारखा, पूर्ण वॉर्डात ऐकू जाईल असा. पलीकडच्या पलंगावरच्या बाईनं वळून बघितलं. "अहो बाई, काय हे," नर्स म्हणाली, "पेशंटसमोर असं तोंड करतात का?"

"करू दे तिला," ताई म्हणाली.

मी कोमट पाण्यात कापूस बुडवला आणि पुसायला लागले. पुन्हा उबळ आली, मी तोंड खांद्यात खुपसलं, थांबले, पुन्हा पुसलं. ताईनं पहिल्यांदाच मान उचलून खाली बघितलं, स्वतःच्या पोटाकडे. बराच वेळ बघितलं. तिचंही नाक वर गेलं, ओठ मुडपले गेले, आणि तो चेहरा मी आजवर पाहिला नव्हता. माझ्याच चेहऱ्यासारखा होता तो, सख्ख्या बहिणी शोभत होतो.

"शी," ती म्हणाली. "किती घाण आहे गं हे."

"फार घाण आहे," मी म्हटलं.

"मग नीट पूस. कडेला राहिलंय अजून."